किल्ली सोडली की पेटणारी गाडी: कॉइलला कमी पडणाऱ्या व्होल्टेजचं एक प्रकरण

गाडी १९७०च्या दशकातली. चार सिलिंडर, पेट्रोल, कार्ब्युरेटर. १२ व्होल्टची वायरिंग, निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं मायनस बॉडीला जोडलेलं), डेल्कोमध्ये, म्हणजे ठिणगी प्लगांना वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) आणि कंडेन्सर. तक्रार अशी की सकाळी गाडी सुरू करायला पंधरा-वीस सेकंद सेल्फ मारावा लागतो, तोही तीन-चार वेळा थांबून थांबून. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. एकदा सुरू झाली की दिवसभर व्यवस्थित चालते. मात्र चांगली तापलेली गाडी बंद करून दहा मिनिटं उभी ठेवली तर पुन्हा तोच त्रास.

मालकाने आणखी एक गोष्ट जाता जाता सांगितली. सेल्फ मारत असताना काहीच होत नाही. कंटाळून किल्ली सोडली की नेमका त्याच क्षणी एखादा ठोका पडतो, आणि कधी कधी तेवढ्यावर इंजिन चालू होतं. निम्मं निदान या एका वाक्यात होतं, पण गाडी ज्या ज्या हातांतून गेली तिथे कोणी ते मनावर घेतलेलं दिसत नाही. त्याऐवजी भाग बदलले गेले. प्लग, एचटी (हाय टेन्शन) वायर, डेल्कोचं झाकण, रोटर, पॉइंट, कंडेन्सर, ठिणगीसाठी हजारो व्होल्ट बनवणारी कॉइल आणि शेवटी बॅटरी, सगळं नवीन. कार्ब्युरेटर दोनदा उघडून साफ केलेला. सेल्फ मोटर त्याआधीच, दोन वर्षांपूर्वी बदललेली होती. यातल्या दोन बदलांनी मूळ बिघाड दुरुस्त झाला नाही, उलट नवा बिघाड गाडीत आला, हे पुढे कळलं.

पेट्रोलचा संशय आधी दूर करणं

स्टार्टिंग ट्रबल म्हटलं की हात आधी कार्ब्युरेटरकडे जातो. इथे दहा सेकंद सेल्फ मारून लगेच प्लग काढले, तर चारही ओले निघाले आणि त्यांना पेट्रोलचा वास होता. म्हणजे पेट्रोल पोहोचत होतं, ते पेटत नव्हतं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये १०.५ ते ११ बार, एकमेकांशी जुळणारं. टायमिंग बरोबर. पॉइंटचा गॅप ०.४ मिमी, ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) ५८ अंश, कंडेन्सर ०.२२ मायक्रोफॅरड. हे सगळं ठीक होतं, त्यामुळे त्यावर आणखी वेळ घालवला नाही.

ठिणगी मात्र मरतुकडी. गॅप कमीजास्त करता येणारा स्पार्क टेस्टर कॉइलच्या मधल्या वायरला लावून सेल्फ मारला, तर ३ मिमीच्या पुढे ठिणगी तुटत होती. रंग पिवळसर. इंजिन चालू असताना तोच टेस्टर एका प्लगच्या वायरला लावला तर ७ मिमीवरही ठिणगी सहज उडत होती. ही तुलना करायला दोन मिनिटं लागतात आणि तिचा फार उपयोग होतो. तीच कॉइल, तेच पॉइंट, तोच कंडेन्सर. फरक एवढाच की एकदा सेल्फ फिरतो आहे आणि एकदा नाही. त्यामुळे दोष ठिणगी बनवणाऱ्या भागांत शोधण्याऐवजी त्यांना मिळणाऱ्या करंटमध्ये शोधायचा, हे इथेच ठरलं.

ही चाचणी करताना एचटी वायर कधीही अधांतरी सोडू नये. ठिणगीला जायला वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडते. आणि ओले प्लग काढून ठेवलेले असताना उघड्या भोकांजवळ ठिणगी पाडू नये, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

सेल्फच्या वेळी कॉइलवर काय गुदरतं

पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या प्रायमरीतून (पहिल्या वेटोळ्यातून) करंट जातो आणि तिच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. पॉइंट उघडले की ते क्षेत्र कोसळतं आणि सेकंडरीत (दुसऱ्या वेटोळ्यात) हजारो व्होल्ट तयार होतात. साठलेली ऊर्जा करंटच्या वर्गावर अवलंबून असते. करंट निम्मा झाला तर ऊर्जा पाव होते. व्होल्टेजमधली किरकोळ वाटणारी घट ठिणगीच्या मुळावर येते ती या वर्गामुळे.

आता वेळेचा हिशेब. इंजिन ५,००० फेऱ्यांवर असताना चार सिलिंडरला मिनिटाला १०,००० ठिणग्या लागतात, म्हणजे दर ६ मिलिसेकंदांना एक. त्यातले जेमतेम ४ मिलिसेकंद पॉइंट मिटलेले असतात. तिथे अडचण वेळेची असते, करंट पूर्ण चढायच्या आत पॉइंट उघडतात. सेल्फवर इंजिन २०० फेऱ्यांनी फिरतं, तेव्हा दोन ठिणग्यांमध्ये १५० मिलिसेकंद मिळतात आणि त्यातले जवळपास १०० मिलिसेकंद पॉइंट मिटलेले असतात. कॉइलचा करंट काही मिलिसेकंदांतच पूर्ण चढतो. त्यामुळे सेल्फच्या वेळी प्रश्न व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स एवढाच उरतो. सेल्फ दीडशे अँपिअर आणि त्याहून जास्त ओढत असतो, बॅटरी १०च्या आसपास उतरलेली असते, आणि थंड इंजिनाला याच वेळी सगळ्यात सशक्त ठिणगी हवी असते.

ही अडचण गाड्या बनवणाऱ्यांना माहीत होती. १९५५च्या सुमारास अमेरिकी गाड्या ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेल्या तेव्हापासून बॅलास्ट रेझिस्टरची युक्ती सर्रास दिसू लागली. कॉइल कमी रेझिस्टन्सची, साधारण दीड ओहमची घ्यायची. तिच्याआधी तेवढाच एक रेझिस्टर टाकायचा. गाडी चालू असताना दोघं मिळून करंट ४ अँपिअरच्या आसपास धरतात आणि कॉइलच्या वाट्याला निम्मं व्होल्टेज येतं. सेल्फ मारताना एक वेगळी वायर बॅलास्टला वळसा घालून बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज थेट कॉइलला देते. बॅटरी १०वर उतरली तरी ६ व्होल्टवर काम करणाऱ्या कॉइलला ते भरपूर होतं.

ही बायपास वायर कुठून येते हे गाडीगणिक बदलतं. जर्मन क्रमांकांच्या पद्धतीत बॅलास्टनंतरच्या आणि बायपासच्या टर्मिनलवर १५ए असतं. जनरल मोटर्सच्या सोलेनॉइडवर (सेल्फवरच्या चुंबकी स्विचवर) आर, फोर्डच्या फेंडरवरच्या रिलेवर आय. क्रायस्लरच्या त्या काळातल्या गाड्यांत बायपास सेल्फवरून न येता किल्लीच्या स्विचमधूनच येतो. गाडी हातात घेतल्यावर आधी एवढं शोधून काढावं. तिला बॅलास्ट आहे का, आणि बायपास कुठून येतो?

बॅलास्ट दरवेळी चिनी मातीच्या ठोकळ्याच्या रूपात डोळ्यांसमोर नसतो. या गाडीत तो वायरिंगच्या गुंडाळीत लपलेल्या रेझिस्टन्स वायरच्या रूपात होता. बघणाऱ्याला साधी वायर दिसते, आणि 'या गाडीला बॅलास्ट नाही' असं तो खात्रीने सांगतो.

पहिला फसवा आकडा

किल्ली ऑन, इंजिन बंद, मीटर कॉइलच्या प्लस टर्मिनलवर. आकडा आला १२.४. बॅटरीवरही १२.४. बहुतेक जण इथे थांबतात आणि 'कॉइलपर्यंत करंट बरोबर येतोय' म्हणतात. आधीच्या तपासणीतही हेच झालं असणार.

तेव्हा पॉइंट उघडे होते. पॉइंट उघडे म्हणजे कॉइलमधून करंट शून्य, आणि करंट शून्य असताना रेझिस्टन्सवर व्होल्टेज पडत नाही. वाटेत गंजलेला कनेक्टर असो, जळालेला स्विच असो की आख्खा बॅलास्ट असो, मीटर बॅटरीचाच आकडा दाखवतो. व्होल्टेज मोजायचं ते लोड असताना. त्यासाठी इंजिन हाताने थोडं फिरवून पॉइंट मिटवावेत, किंवा कॉइलच्या मायनस टर्मिनलवरून इंजिनच्या धातूला एक जंपर, म्हणजे तात्पुरती जोडवायर, लावावा. पॉइंट कायमचे मिटल्यासारखंच होतं ते.

जंपरचा आणखी एक फायदा आहे. सेल्फ फिरताना पॉइंट सारखे उघडतात-मिटतात, त्यामुळे डिजिटल मीटरचा आकडा नाचतो आणि तो दाखवतो ती सरासरी फसवी असते. मायनस अर्थला जोडली की आकडा स्थिर राहतो आणि इंजिनही चालू होत नाही. फक्त एका वेळी पाच ते दहा सेकंदांपलीकडे जाऊ नये, आणि किल्ली ऑन ठेवून जंपर तसाच विसरू नये. कॉइल आणि रेझिस्टन्स वायर दोन्ही तापतात.

कॉइल काढून ठेवलेली असेल तर तिच्या वायरला २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावूनही लोड देता येतो. तो पावणेदोन अँपिअर ओढतो आणि खराब जोड उघडा पाडायला तेवढं पुरतं. नुसत्या टेस्ट लॅम्पचा छोटा बल्ब पुरत नाही.

लोडवर घेतलेले आकडे

जंपर लावून किल्ली ऑन, सेल्फ बंद. बॅटरीवर १२.४ असताना कॉइलच्या प्लसवर ७.७५. जंपर काढून पॉइंट मिटवले तेव्हा मायनस टर्मिनल आणि इंजिन यांच्यामध्ये ०.१२ व्होल्ट. हे ०.२च्या आत हवं, म्हणजे पॉइंट, त्यांची बेसप्लेट आणि डेल्कोची अर्थिंग निर्दोष.

मग सेल्फ मारून. बॅटरीच्या दोन खुंट्यांमध्ये १०.०. मध्यम हवामानात ९.६च्या खाली जाऊ नये, त्यामुळे बॅटरी बरी. पण कॉइलच्या प्लसवर, इंजिनच्या धातूच्या सापेक्ष, फक्त ५.९. तिथे ९ ते १० हवे होते.

मीटरची काळी पिन कुठे लावली यालाही इथे महत्त्व आहे. कॉइलचा करंट इंजिनमार्गे परततो, म्हणून कॉइलला खरोखर किती मिळतंय हे इंजिनच्या धातूवर काळी पिन ठेवूनच कळतं. बॅटरीच्या मायनस खुंटीवर ठेवली असती तर आकडा ६.५ आला असता. हा ०.६ व्होल्टचा फरक म्हणजे दुसरा दोष. सेल्फ फिरताना इंजिनचा ब्लॉक बॅटरीच्या मायनसपेक्षा ०.६ व्होल्ट वर उचलला जात होता, तो ०.२च्या आत हवा. दीडशे अँपिअरवर ०.६ व्होल्ट म्हणजे ४ मिलिओहम. साध्या मीटरवर ४ मिलिओहम मोजता येत नाही, ते शून्यच दिसतं. मोठ्या करंटच्या वायरीत ओहम मोजायच्या भानगडीत पडूच नये, लोडवर व्होल्टेज ड्रॉप मोजावा.

पुढे किल्ली ऑन आणि जंपर लावलेला ठेवून बॅटरीच्या प्लसपासून टप्प्याटप्प्याने ड्रॉप घेतले. लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, काळी पुढे पुढे सरकवत. इग्निशन स्विचच्या आत जाणाऱ्या वायरपर्यंत ०.१४. स्विचच्या आत ०.४७. स्विचपासून बॅलास्टच्या सुरुवातीपर्यंत ०.२२, हा एका हिरव्या पडलेल्या बुलेट कनेक्टरचा. एकूण ०.८३. बॅलास्टवर ३.८२. बेरीज कॉइलवरच्या ७.७५सकट बरोबर १२.४ भरली. बेरीज जुळणं ही या पद्धतीची खूण आहे. जुळली नाही तर कुठला तरी तुकडा मोजायचा राहिला, किंवा मधेच बॅटरी उतरली.

आता खटकायला हवी ती गोष्ट. बॅलास्ट आणि कॉइल सारख्याच रेझिस्टन्सच्या असतील तर कॉइलच्या प्लसवर बॅटरीच्या निम्मं, ६च्या आसपास दिसायला हवं. वाटेत पाऊण व्होल्टपेक्षा जास्त गळती असूनही इथे ७.७५ होतं, म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त. व्होल्टेज जास्त आणि ठिणगी कमजोर, हे कसं?

कॉइलवरचा शिक्का

कॉइलच्या दोन्ही वायरी काढून प्रायमरीचा रेझिस्टन्स मोजला, आला ३.२ ओहम. इथे मीटरच्या पिना आधी एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करावा लागतो. तो ०.२ ते ०.३ ओहम असतो आणि दीड ओहमच्या मापात एवढी चूक परवडत नाही. रेझिस्टन्स वायर दोन्ही टोकांना सोडवून मोजली, १.६ ओहम.

म्हणजे कॉइल बदलताना १२ व्होल्टची साधी, बॅलास्ट न लागणारी कॉइल बसवली होती, आणि बॅलास्ट वायरिंगमध्ये तशीच राहिली. कॉइलवर '१२ व्होल्ट' छापलेलं, गाडी १२ व्होल्टची, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. बॅलास्टवाल्या कॉइलवरही बऱ्याचदा १२ व्होल्टच लिहिलेलं असतं, फक्त खाली 'बाह्य रेझिस्टरसह वापरा' अशा अर्थाची बारीक ओळ असते. छापील व्होल्टवर विसंबून कॉइल घेऊ नये, ओहम मोजूनच घ्यावी.

हिशेब सरळ आहे. वाटेतले ०.३५ ओहम, बॅलास्ट १.६, कॉइल ३.२, पॉइंटची बाजू ०.०५. एकूण ५.२ ओहम. १२.४ व्होल्टवर करंट २.४ अँपिअर. कॉइलच्या वाट्याला व्होल्टेज जास्त येत होतं ते तिचा रेझिस्टन्स जास्त म्हणून. करंट मात्र कमी होता, आणि ठिणगी करंटवर ठरते. सेल्फवर (१० वजा अर्थचे ०.६) ९.४ व्होल्ट उरत होते, तेव्हा १.८ अँपिअर. हीच कॉइल बॅलास्टशिवाय १२ व्होल्टवर ३.७५ अँपिअर घेते. वर्गाच्या नियमाने सेल्फच्या वेळी तिच्यात साठणारी ऊर्जा पावाहूनही कमी.

किल्ली सोडल्यावर पडणाऱ्या ठोक्याचं कोडंही इथेच सुटतं. किल्ली स्टार्टवरून ऑनवर परतते तेव्हा सेल्फचा लोड एकदम जातो आणि बॅटरी १०वरून १२वर उसळी घेते. करंट १.८वरून २.३वर जातो, ऊर्जा दीडपटीहून जास्त होते, आणि इंजिन त्या क्षणी अजून गतीत असतं. तेवढ्यात पेटलं तर पेटलं. याच्या उलट लक्षणही ओळखून ठेवावं. सेल्फ मारताना लगेच पेटते आणि किल्ली सोडताच बंद पडते अशी गाडी असेल तर बायपास शाबूत आहे आणि बॅलास्ट तुटलेला आहे, किंवा स्विचचा ऑनचा संपर्क गेला आहे.

तापलेल्या गाडीचा त्रासही याच हिशेबात बसतो. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांवर ३.२ ओहमची कॉइल इंजिनच्या उष्णतेने ८० अंशांवर गेली की ३.९५ ओहम होते. आधीच पाव ऊर्जेवर चाललेल्या ठिणगीला एवढी घटही सोसत नाही. 'गरम झाली की कॉइल बसते' म्हणून बदलल्या जाणाऱ्या कित्येक कॉइल या अशा असतात. त्यांच्यात दोष नसतो, त्यांना मिळणाऱ्या करंटमध्ये असतो.

बायपास कुठे गेला

योग्य वायरिंगमध्ये कॉइलच्या प्लसला दोन वायरी हव्यात, एक बॅलास्टची आणि एक बायपासची. इथे दोन होत्या. पण सेल्फ मारताना दुसरीत काहीच येत नव्हतं. ती मागे शोधत गेल्यावर सेल्फजवळ टेप गुंडाळून दुमडून ठेवलेलं टोक सापडलं. दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या सेल्फच्या सोलेनॉइडला बायपासचं टर्मिनलच नव्हतं. बसवणाऱ्याला वायर कशाची ते कळलं नाही, आणि गाडी सुरू होत होती म्हणून ती बांधून टाकली. त्या वेळी जुनी, दीड ओहमची कॉइल होती, त्यामुळे गाडी कशीबशी सुरू होत राहिली. पुढे कॉइल बदलल्यावर उरलेलीही सवलत गेली. दोन चुकांमध्ये बराच काळ गेल्यामुळे त्यांचा एकमेकींशी संबंध लावणं कोणालाच जमलं नाही.

दुरुस्ती कोणती निवडायची

दोन मार्ग होते. पहिला: ३.२ ओहमची कॉइल ठेवायची, बॅलास्ट वगळून तिला थेट १२ व्होल्ट द्यायचे. वायरिंग सोपी होते, पण सेल्फच्या वेळची मदत कायमची जाते. दुसरा: कारखान्यातून आली तशी रचना परत आणायची. थंडीत सहज सुरू व्हायला हवी असेल तर दुसराच मार्ग धरावा, आणि इथेही तोच धरला. या दोहोंची सरमिसळ मात्र कधीही करू नये. दीड ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय थेट १२ व्होल्टवर चालवली तर पॉइंटमधून ८ अँपिअर जातात. पॉइंट जळतात आणि कॉइल तापून आतलं तेल गळू लागतं.

नुसता बायपास जोडून हीच कॉइल ठेवली असती तरी सेल्फवर करंट २.८५ अँपिअर झाला असता, म्हणजे ऊर्जा अडीचपट, आणि गाडी बहुधा सुरूही झाली असती. मालक खूश झाला असता. पण चालताना करंट अडीच-पावणेतीन अँपिअरवरच राहिला असता आणि जास्त फेऱ्यांवर, चढावर, प्लग थोडे झिजल्यावर मिसिंग (मधूनच ठोका चुकणं) सुरू झालं असतं. अर्धी दुरुस्ती काही महिन्यांनी वेगळ्याच तक्रारीच्या रूपाने परत येते आणि तेव्हा तिचं मूळ शोधणं आणखी कठीण जातं.

कॉइल १.५ ओहमची, बॅलास्टसह चालणारी घेतली. बसवताना मायनस टर्मिनल डेल्कोकडे, कारण गाडी निगेटिव्ह अर्थ आहे. कॉइल उलटी जोडली तरी ठिणगी पडते, पण प्लगच्या मधल्या, तापलेल्या इलेक्ट्रोडकडून ती निघायला हवी तशी निघत नाही आणि तिला जास्त व्होल्टेज लागतं. जुन्या कॉइलवर प्लस-मायनसऐवजी एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेलं असतं. त्या पॉझिटिव्ह अर्थच्या जमान्यातल्या असू शकतात, तेव्हा अर्थ बघून मगच जोडाव्यात.

बायपाससाठी चार पिनांचा रिले, म्हणजे छोट्या करंटने चालणारा स्विच, लावला. पिन ८६ सेल्फच्या ट्रिगर वायरला, म्हणजे ५० क्रमांकाच्या टर्मिनलला. ८५ बॉडीला. ३०ला सेल्फच्या जाड खुंटीवरून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून थेट बॅटरीचा करंट, आणि फ्यूज खुंटीच्या अगदी जवळ. ८७पासून जुन्या बायपास वायरमार्गे कॉइलच्या प्लसला. वायर १.५ चौरस मिमी. ट्रिगर टर्मिनलवरून नुसती वायर कॉइलला जोडायचा मोह होतो, पण मग किल्ली ऑन असताना कॉइलचा करंट त्या वायरने उलटा सोलेनॉइडच्या वेटोळ्यात जातो आणि कॉइल उपाशी राहते. करंट एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड टाकून हे थांबवता येतं, पण डायोड पाऊण ते एक व्होल्ट स्वतः खातो. जिथे एकेक व्होल्ट वाचवायचा आहे तिथे रिले बरा.

स्विचचा विद्युत भाग लॉकपासून वेगळा निघत होता, तो बदलला. बुलेट कनेक्टर कापून नवा क्रिंप केला. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली विणलेली अर्थ पट्टी काढली, तर तिच्या लगखाली रंग आणि तेलाचा थर. दोन्ही बाजू चकचकीत धातूपर्यंत घासल्या, दातेरी वॉशर घातला, घट्ट केल्यावर वरून ग्रीस. बॅटरीपासून बॉडीला जाणाऱ्या वायरचंही तसंच.

नंतरचे आकडे

किल्ली ऑन, पॉइंट मिटलेले: बॅटरी १२.५, वाटेतली गळती ०.३, कॉइलच्या प्लसवर ६.०, करंट ३.९ अँपिअर.

सेल्फ फिरताना, जंपर लावून: बॅटरी १०.३, ब्लॉकचा अर्थ ड्रॉप ०.१५, कॉइलच्या प्लसवर ९.८, करंट ६.३ अँपिअर.

स्पार्क टेस्टर: सेल्फवर ८ मिमी, निळी-पांढरी, एकही न चुकता.

पहिली ओळ पुन्हा वाचावी. दुरुस्तीआधी कॉइलच्या प्लसवर ७.७५ होते, दुरुस्तीनंतर ६.०. किल्ली ऑनवर ठेवून नुसतं व्होल्टेज बघणाऱ्याला गाडी बिघडवून दिली असंच वाटेल. व्होल्टेज कमी झालं आणि करंट २.४वरून ३.९ झाला. सेल्फवर तर १.८वरून ६.३. कॉइलवरच्या व्होल्टेजचा आकडा सांगताना त्याच्यासोबत तीन गोष्टी सांगाव्या लागतात: पॉइंट मिटलेले होते का, सेल्फ फिरत होता का, आणि कॉइल किती ओहमची आहे. त्या नसतील तर त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

थंड इंजिन चोक ओढून दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच पेटलं. तापवून दहा मिनिटं थांबवल्यावरही तसंच, किल्ली फिरवल्याबरोबर, सोडायची वाट न बघता.

पॉइंटऐवजी डेल्कोत छोटा इलेक्ट्रॉनिक मोड्यूल बसवलेल्या गाड्यांत हीच तपासणी करावी, पण मोड्यूलची लाल वायर बॅलास्टच्या आधी, स्विचच्या बाजूला जोडलेली आहे का ते पाहावं. ती कॉइलच्या प्लसवर जोडलेली असेल तर मोड्यूललाही निम्मंच व्होल्टेज मिळतं आणि सेल्फच्या वेळी तो कधी कधी जागाच होत नाही. मग ठिणगी कमजोर नसते, अजिबातच नसते.

गाडी परत देण्याआधी दोन कामं उरली होती. इंजिन चालू असताना रिलेच्या ८७वरची वायर काढून त्या रिकाम्या पिनवर मीटर लावला आणि शून्य आल्याची खात्री केली. रिलेचा संपर्क चिकटून बायपास चालू राहिला तर चालत्या गाडीत कॉइलला बॅलास्टशिवाय १४ व्होल्ट मिळतील आणि पॉइंट थोड्याच दिवसांत जळतील. ५०० किलोमीटरनंतर पॉइंटचा गॅप आणि त्यांचा रंग पुन्हा बघायचा, तेव्हा हीच मोजणी परत करायची. आणि कॉइलच्या पट्ट्यावर, पुढच्या माणसाच्या नजरेत भरेल असं, तेलाने न पुसणाऱ्या शाईने लिहिलं: १.५ ओहम, बॅलास्ट वायरिंगमध्ये आहे, बायपास रिलेवरून.